माहीत नाही म्हणणाऱ्या बाई

मला नोकरी लागली ती उंचीमुळं. झरीसारख्या गावात मुलगी पाच फूट नऊ इंच झाली की लोक तिच्याकडं मोबाईलच्या टॉवरकडं बघावं तसं बघतात. दोन स्थळं त्याच कारणानं परत गेली होती. तिसऱ्या घरानं तर, "मुलगी बसलेली असते तोवर पसंत आहे, उठली की अवघड वाटतं," असा निरोप पाठवला होता. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी बसून होते. अशात परभणीच्या एका लहानशा संग्रहालयात सहायक पाहिजे म्हणून कळलं, आणि मी एसटीनं मुलाखतीला गेले.

टेबलामागं एक ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या. सर्टिफिकेटांची फाईल मी पुढं केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. पर्समधून शिंप्याची टेप काढली, मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि स्वतः स्टुलावर चढून माझी उंची मोजली.

"हात वर कर."

केला.

"वरच्या फळीवर पोचतो. उद्यापासून ये."

या बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या रागावतील म्हणून नाही. हे त्यांच्या हातात पडलं तर त्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून कागद मला पोस्टानं परत पाठवतील, आणि त्यात स्वतःच्या नावाची चूक सापडली तर दुप्पट आनंद होईल, तो मला द्यायचा नाही. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

संग्रहालय एका ट्रस्टचं होतं आणि कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या जुन्या ऑफिसात होतं. दोन खोल्या आणि एक ओसरी. दारावर निळी पाटी: 'बौद्ध कला व स्थानिक वारसा संग्रहालय'. पहिल्या खोलीत बौद्ध कला, म्हणजे शेतात नांगराला लागलेले, नदीच्या वाळूत सापडलेले, कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीतून काढलेले दगड. कुठं अर्धा चेहरा, कुठं कमळावर ठेवलेली नुसती पावलं, कुठं आशीर्वाद देणारा हात आणि पुढं काहीच नाही. दुसऱ्या खोलीत स्थानिक वारसा: जाती, पायल्या, बैलांच्या घुंगरमाळा, निजामाच्या काळातले उर्दू शिक्क्यांचे कागद. यातलं जे कशातच बसत नव्हतं ते ओसरीवर. मी पण बऱ्याच वेळा ओसरीवरच असायचे.

जगातल्या कुठल्याही संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर माहिती असते. आमच्याकडं चिठ्ठीवर प्रामाणिकपणा असायचा. बाईंच्या सुरेख वळणदार अक्षरात.

'दगडी पाय. कुणाचे आहेत ते माहीत नाही. वरचा भाग कुणाला सापडल्यास कळवावे.'

'मातीची बाहुली. खेळणं असेल किंवा देवी असेल. माहीत नाही.'

'लोखंडी वस्तू. तीन जणांनी तीन उपयोग सांगितले. तिघांचाही आवाज मोठा होता.'

एकदा मुंबईहून एक अधिकारी तपासणीला आले. चिठ्ठ्या वाचत वाचत त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "मॅडम, अर्धं संग्रहालय माहीतच नाही तुम्हाला?"

"अर्धं कसलं साहेब, जास्तच असंल," बाई म्हणाल्या. "पन माहीत न्हाई ते माहीत न्हाई म्हणून लिहून ठेवलंय. बाकीच्या ठिकाणी ते तोंडपाठ खोटं सांगतात."

बाईंची बोली अशी दुहेरी होती. कागदावर पुस्तकी, तोंडानं पालमची. पालमला त्यांच्या घराण्याचं किराणा दुकान. लिंगायत वाण्याचं घर, गळ्यात लिंग, सोमवारचा उपास, सगळं नीट. त्यांचा भाऊ सणावाराला परभणीला आला की विचारायचा, "अक्का, घरचा महादेव सोडून तू दुसऱ्याच्या देवाची राखण कामून करायलीस?" बाई म्हणायच्या, "घरच्याला तू हायेस की. इथं ह्या बिनडोक्याच्यांना कोण हाय?" डोकं नसलेल्या मूर्तींवर त्यांचा विशेष जीव. "हे बघ कसे शांत बसलेत," म्हणायच्या. "डोकी असलेले सगळे इथं येऊन भांडतात."

आणि लोक खरंच भांडायचे. ही मूर्ती आमच्या देवाची, ती तुमच्या देवाची, हिला कपडे का नाही घातले, हिच्यापुढं दिवा का नाही. बाईंचा एक नियम होता, तो सगळ्यांना सारखा लागू: इथं हात जोडायचे नाहीत, मागं बांधायचे. "जोडले की डोळे मिटतात," त्या म्हणायच्या. "मागं बांधले की उघडे राहतात. तुमी इथं बघायला आलाव." आमदार आले तरी हात मागं. नवरा-नवरी आले तरी हात मागं. एका माणसानं पावलांपुढं नाणं ठेवलं, तर बाई नाणं घेऊन त्याच्या मागं रस्त्यापर्यंत पळाल्या. "तुमचं काहीतरी पडलं," म्हणून ते परत त्याच्या खिशात घातलं.

दुपारी एक वाजला की दार बंद. बाहेर पाटी लागायची, 'जेवण चालू आहे. कुणाचं ते विचारू नये.' आत बाई ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा घेऊन पहिल्या खोलीतच बसायच्या, दगडी पावलांच्या समोर. मी विचारलं, ओसरीवर का नाही बसत? म्हणाल्या, "ओसरीवर कबुतरं टक लावून बघतात."

आता त्या पालमलाच असतात, भावाच्या दुकानात. गेल्या वर्षी मी गेले होते. डाळींच्या डब्यांना त्यांनी चिठ्ठ्या लावल्या आहेत. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ही तूरडाळ लवकर शिजती का?" तर बाई म्हणाल्या, "माहीत न्हाई. मी ही खाल्ली न्हाई अजून." भाऊ कपाळाला हात लावून आत गेला.

पण मला सांगायचंय ते दगडाबद्दल.

पेडगावच्या पलीकडं एक वाडी आहे. नाव सांगत नाही. का ते पुढं कळेल. एका पावसाळ्यात तिथल्या ओढ्याला पूर आला आणि बायकांचा धुणं धुवायचा मोठा दगड कलंडला. खालच्या अंगाला तिथल्या शाळेच्या गुरुजींना एक कान दिसला. दगडाला कान, म्हणून त्यांनी फोन केला. बाई टेप आणि मला घेऊन पुढच्याच एसटीनं निघाल्या.

चार गड्यांनी दगड उलटवला तेव्हा चिखलातून एक बसलेली मूर्ती निघाली. मांडीवर हात, मिटलेले डोळे, जाड ओठ, बसकं नाक. चुन्याचा आणि मातीचा थर इतका बसलेला की ती जमिनीतूनच उगवल्यासारखी वाटत होती. बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या.

आता दगड न्यायचा तर बायका सोडेनात. "आमचं धुणं कुटं धुवावं मंग?" बाईंनी शब्द दिला आणि आठ दिवसांनी खाणीतून नवाकोरा दगड आणून ओढ्यावर टाकला. बायकांनी तो हातानं चोळून पाहिला आणि नापास केला. "लय गुळगुळीत हाय. साबण सटकायलाय."

बाईंनी साडीचा पदर खोचला. "आणा तुमच्यातली सगळ्यात मळकी गोधडी."

आणली. तिच्यात कुठल्या साली कोण झोपलं होतं ते त्या गोधडीलाच माहीत. बाईंनी ती त्या नव्या दगडावर आपटून, घासून, पिळून पांढरीशुभ्र केली. या कामात त्यांचा चष्मा ओढ्यात वाहून गेला, पण दगड पास झाला आणि मूर्ती टेम्पोत चढली. परतीच्या रस्त्यात बाईंना काहीच दिसत नव्हतं, आणि त्या माझा हात धरून सारख्या विचारत होत्या, "नीट बसलाय ना? हलायला तर न्हाई ना?"

एक प्राध्यापक आले, नावाजलेले. दहा मिनिटं त्यांनी मूर्ती पाहिली, चहा घेतला आणि म्हणाले, हजार वर्षांची तरी असावी. चेहऱ्याची ठेवण विशेष आहे, ही खास या भागातली शैली दिसते. त्यांनी त्यावर मोठा लेख लिहिला. आणि बाईंनी, ज्यांनी आयुष्यभर 'माहीत नाही' लिहिलं त्या बाईंनी, पहिल्यांदा ठाम चिठ्ठी लिहिली: 'बुद्ध. अतिप्राचीन. स्थानिक शैलीचा दुर्मीळ नमुना.' चिठ्ठी लावून त्या चार पावलं मागं आल्या आणि माझ्याकडं बघून लाजल्या.

मग काय, सहली यायला लागल्या. शाळांच्या बसा, बाहेरगावचे अभ्यासक, विहारांतली मंडळी. वाडीच्या बायकाही एक दिवस जीप करून आल्या, आपला दगड बघायला. मूर्तीपुढं उभ्या राहून त्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"आगं बाई, आपुन ह्याच्या पाठीवर परकर आपटले की गं इतकी वर्सं!"

"पाप लागंल का वं बाई?"

बाई म्हणाल्या, "पाठीवरच आपटले ना? मंग काय झालं. स्वच्छ ऱ्हायला."

बायका मनसोक्त हसल्या. एकटी गयाबाई हसली नाही. पंच्याहत्तरीची, काटकुळी, कपाळ मोकळं. ती बौद्ध वस्तीतली. ती मूर्तीकडं बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आम्हाला वाटलं, श्रद्धा. बाईंनी तिला हात मागं बांधायलाही सांगितलं नाही.

ट्रस्टच्या अध्यक्षांना आता मूर्तीसाठी स्वतंत्र दालन बांधायचं सुचलं. अध्यक्षांचा सरकी-पेंडीचा व्यापार. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट मोठी दिसली पाहिजे असा त्यांचा आग्रह. दालन झालं, वरून मूर्तीवर दिवा पडेल अशी सोय झाली. उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणून पत्रिका छापल्या.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी वाडीचा एक तरुण शेतकरी परभणीला बियाणं घ्यायला आला होता, तो सहज डोकावला. अंगानं भरलेला, हसरा. मला म्हणाला, "ताई, आमच्या वाडीच्या मूर्तीबरुबर माझा एक फोटो काढा की." तो मूर्तीशेजारी उभा राहिला. मी त्याचा फोन समोर धरला आणि फोटो काढायचा विसरून गेले. स्क्रीनवर दोन चेहरे शेजारी शेजारी होते: तेच फुगीर गाल, तोच जाड खालचा ओठ, तेच डावीकडं किंचित कललेलं बसकं नाक. मला हसू आवरेना.

तोही हसला. "आज्यावर गेलोय म्हनतात मला समदे."

बाई टेबलावरून उठल्या. "आजा कोण तुमचा?"

"पोलीस पाटील व्हते की वाडीचे. लय वर्सं. आसपासच्या गावात वचक होता."

बाईंनी पर्समधून टेप काढली आणि त्याचं नाक मोजलं. मग कान. मग मूर्तीचं नाक, मूर्तीचा कान. तो बिचारा इथली अशीच पद्धत असेल असं समजून श्वास रोखून उभा होता. बाईंनी टेप गुंडाळली आणि खुर्चीत बसल्या.

"प्राध्यापक म्हनले व्हते, शैली स्थानिक हाय," त्या म्हणाल्या. "लयच स्थानिक हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीला गेलो. मूर्तीपुढं कोण रडलं होतं ते बाईंच्या ध्यानात होतं. गयाबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कळलं का तुमाला? बसा. च्या टाकती."

चहा झाल्यावर तिनं आपल्या सासऱ्यांचं सांगितलं.

"मामंजी खडीच्या खाणीवर जायचे. छिन्नी-हातोडा हाताला बसलेला. नागपूरला दीक्षा झाली, त्याच्यामागं चार-पाच सालानं वस्तीत बुद्धाचा फोटो आला. कागदाचा. पावसाळ्यात छप्पर गळलं अन् फोटो इरघळून गेला. मामंजी म्हनले, कागदाचा कशाला, मी दगडाचा करतो, भिजला तरी ऱ्हाईल. सा म्हैने करायलते. मी नवी नवरी, प्यायला पानी न्यायची त्येंच्याकडं. अंग झालं, हात झाले, मांडी झाली. अन् तोंड करायच्या टायमाला फोटो कुटं हाय? मामंजीनं आयुष्यात मोटा मानूस म्हनून रोज कुनाला बघितलं? पोलीस पाटलाला. घोड्यावर बसून जायचे ते खाणीवरनं. हाताला त्येच तोंड आलं. मुद्दाम न्हाई केलं हो."

"मंग?" बाई म्हणाल्या.

"मंग वस्तीत आनला तर समदे हसले. म्हनले, आरं किसना, हा तर पाटील! उद्या पंचनामा करायला उठंल! वाईट मनानं न्हाई, मजेनं हसले. पन मामंजीला लागलं. दुसऱ्या दिशी गाडीत घालून वढ्यावर नेला अन् पालथा घातला. कुनाशी बोलले न्हाईत. पुडं बाया धुवाया लागल्या. ज्येला माहीत व्हतं ते मरून गेले, न्हाईतर इसरले. म्या कदी धुतलं न्हाई त्याच्यावर. कडंच्या दगडावर धुयाची. बाया म्हनायच्या, गयी लय नखऱ्याची हाय."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तवाच कामून न्हाई सांगितलं मला?"

गयाबाईनं सुपातला एक खडा वेचून फेकला. "तुमी लय खुशीत व्हता, बाई. अन् तितं लोक मागं हात बांधून बघायलते. मामंजीच्या हातच्या वस्तूकडं असं कुनी बघितलंच न्हवतं कदी. मी म्हनलं, बघू द्या अजून चार दिस."

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पेडगाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "मी खोटं लिहिलं."

"खोटं नाही बाई, चूक झाली."

"चूक कशानं झाली? माहीत न्हाई असं लिहायला मला कोण अडवलं व्हतं? मला नाव पाहिजे व्हतं गं. बाईंच्या संग्रहालयात हजार वर्षांचा बुद्ध. लय गोड लागलं ते."

अध्यक्षांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. अध्यक्ष उठून उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उठले.

"बाई, पत्रिका वाटल्यात. साहेब यायलेत. आठ दिवस तोंडाला कुलूप लावा. नंतर गुपचूप चिठ्ठी बदला. कोण वाचतंय चिठ्ठ्या?"

"मी वाचते की."

"अहो, पन बुद्धच हाय ना तो? मंग खोटं काय त्याच्यात?"

"बुद्ध खरा हाय. अतिप्राचीन खोटं हाय."

अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रमात तुमी बोलायचं न्हाई. बाई बरं म्हणाल्या. पण कार्यक्रमाच्या दिवशी फीत कापून झाली आणि मोठ्या साहेबांनीच विचारलं, "या मूर्तीची माहिती कोण देणार?" सूत्रसंचालकानं सवयीनं बाईंकडं माईक दिला. अध्यक्षांनी हात पुढं केला, तोवर उशीर झाला होता.

"ही मूर्ती हजार वर्षांची आहे असं मी लिहिलं होतं," बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "ते चुकीचं आहे. ती माझ्या वयाची आहे. चूक प्राध्यापकांची नाही, मूर्तीची तर नाहीच. माझी आहे. ज्यांना खरं माहीत आहे त्या समोर बसल्या आहेत, त्या सांगतील."

गयाबाई उठली. तिनं माईक मुसळ धरावं तसा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं सांगितलं. पंचनाम्यावर मांडव हसून हसून हलायला लागला. मोठे साहेबही हसले, मग आपण साहेब आहोत हे आठवून थांबले. तो तरुण मागच्या रांगेत होता. लोक वळून बघायला लागले तसा तो उभा राहिला आणि त्यानं डावीकडून, उजवीकडून, सगळ्यांना नीट दिसेल असा चेहरा दाखवला. अध्यक्ष आपल्या बुटांकडं बघत होते.

पुढं जे व्हायचं ते झालं. एका पेपरात 'संग्रहालयात पोलीस पाटील' असा मथळा आला. प्राध्यापकांचं चार पानी पत्र आलं. त्यात बाईंना काहीही समजत नाही असं लिहिलं होतं. बाईंनी त्यावर 'मान्य' असा शेरा मारून फाईलला लावलं. सहली कमी झाल्या. अध्यक्षांनी सरकारकडं मागितलेल्या पुढच्या दालनाचा कागद कुठल्या तरी टेबलावर जाऊन बसला तो उठलाच नाही.

ट्रस्टची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "तो दगड वाडीला परत पाठवा. हे संग्रहालय हाय, कुनाच्याबी हातचं ठेवायला गोदाम न्हाई."

बाई म्हणाल्या, "बाहेरची पाटी वाचा साहेब. बौद्ध कला. आता ही बौद्ध हाय का न्हाई?"

"हाय."

"कला हाय का न्हाई?"

अध्यक्ष घुटमळले. "हाय म्हना."

"स्थानिक हाय का न्हाई?"

त्यावर कुणालाच हसू आवरलं नाही.

"मंग पाटीवर जे लिहिलंय त्यात पुरी बसणारी ह्या इमारतीत ही एकच वस्तू हाय. बाकीच्या सगळ्या वस्तू आपल्याकडं पाहुण्या हायेत. ती काढायची तर आधी पाटी काढा."

अध्यक्षांनी खिडकीतून पाटीकडं पाहिलं. पाटी नुकतीच रंगवली होती. मूर्ती राहिली.

बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली. आधी वाडीला जाऊन गयाबाईकडून नाव विचारून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. 'बुद्ध. काळा दगड. घडवणारा: किसन लिंबाजी, खडीच्या खाणीवरील कामगार. छायाचित्र पावसात भिजल्यामुळे चेहरा आठवणीतून केला आहे.' पोलीस पाटलांचा उल्लेख त्यांनी केला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्याला दिसायचं त्याला दिसंल."

बाईंचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. दर वर्षी ट्रस्ट त्यांची मुदत एका वर्षानं वाढवायचा. त्या वर्षी वाढवली नाही. निरोप समारंभ ठरला, तो अध्यक्षांना ताप आला म्हणून रद्द झाला. बाईंनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्या फळ्या पुसत होत्या आणि मला कुठल्या दगडाला पाणी लावायचं नाही ते सांगत होत्या.

त्याच आठवड्यात एक दिवस भर उन्हाचा एक म्हातारा आला. नव्वदीला टेकलेला, धोतर, हातात काठी. वाडीहून एकटाच दोन एसट्या बदलून आला होता. काठीमुळं त्याला हात मागं बांधता येईनात. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाबा. तसंच बघा."

तो काठी टेकत मूर्तीच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभा राहिला.

"नाक तितकं वाईट न्हाई की," तो म्हणाला.

"चांगलं हाय," बाई म्हणाल्या.

"पंचनाम्याचं म्या म्हनलो व्हतो. पयला मी हसलो. बाकीचे माझ्या मागनं हसले."

"सगळेच हसतात, बाबा. मांडवात सगळे हसले. मीबी हसले."

"तुमचं हसनं येगळं." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "किसनानं अजून एक दगड काढून ठेवला व्हता. ह्याच्याहून चांगला, लांबलचक. बाबासायबांचा करायचा म्हनायचा, उभा. आमी हसलो त्या दिशी त्यानं छिन्नी आढ्याला खोचली. पुडं जन्मभर खाणीवर घणानं खडी फोडली, पन छिन्नी न्हाई धरली हातात. त्या दगडाची मंग आमी पायरी केली. माझ्याच दाराला हाय ती. रोज पाय ठिवूनच बाहेर पडतो."



बाईंनी आपली टेबलामागची खुर्ची ओढत आणली, मूर्तीसमोर ठेवली आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून तीत बसवलं. मग मला खुणेनं बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. ओसरीवर जिंतूरहून आलेलं एक कुटुंब चपला काढत होतं. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थोडं थांबा," त्या म्हणाल्या. "आत माणूस बसलाय."